नोकरी-धंदा सांभाळून पदवी : फी भरण्यापूर्वी काय पाहावे?

दुकानाचा गल्ला सांभाळणारा किंवा कारखान्यात पाळी करणारा माणूस पस्तिशीत पुन्हा पुस्तक हाती घेतो, तेव्हा ते हौसेपोटी नसते. कुणाची बढती पदवीवाचून अडलेली असते, कुणाला वडिलांचा धंदा वाढवण्यासाठी हिशेब आणि व्यवस्थापन शिकावयाचे असते. दिवसा कॉलेजात बसणे त्याला शक्य नाही. अशांसाठी ब्रिटनने 1969 साली मुक्त विद्यापीठ काढले. आपल्या देशात 1982 साली हैदराबादला पहिले मुक्त विद्यापीठ झाले, 1985 साली दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले आणि 1 जुलै 1989 रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. उर्दू माध्यमात शिकलेल्यांसाठी 1998 पासून हैदराबादचे मौलाना आझाद विद्यापीठही आहे. त्याच्या कामाची सुरुवातच दूरशिक्षणाने झाली.

नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद आहे ‘ज्ञानगंगा घरोघरी’. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांनी त्याची घडी बसवली. विद्यार्थ्याला नाशिकला बोलावण्याऐवजी त्याच्या गावच्या महाविद्यालयातच अभ्यासकेंद्र उघडावयाचे, पुस्तके एकट्याने वाचून समजतील अशी लिहावयाची आणि तास सुटीच्या दिवशी घ्यावयाचे, अशी ती योजना. बारावी न झालेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रमही ठेवला होता. शाळा अर्धवट सोडून कामाला लागलेल्या कित्येकांना त्यामुळे पदवीचे दार उघडले.

आता याच शिक्षणाला ऑनलाइनची जोड मिळाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2020 साली दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षणाचे एकत्रित नियम केले. सप्टेंबर 2022 मध्ये त्याच नियमांच्या आधारे आयोगाने जाहीर केले की, मान्यताप्राप्त विद्यापीठाची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाईल. जाहिरातवाले हे वाक्य ठळक अक्षरात छापतात. ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द मात्र त्यांच्याकडे बारीक होतो, आणि सगळी मेख तेथेच आहे.

ही मेख किती महाग पडते, हे नोव्हेंबर 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दाखवले. चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. विद्यापीठे बनावट नव्हती, कागदावरचे शिक्के खरे होते. पण या पद्धतीने अभियांत्रिकी शिकवण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची परवानगी नव्हती. 2001 ते 2005 दरम्यान प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित केल्या आणि परिषदेची परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट घातली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या सरळ रद्द झाल्या, व त्यांच्या जोरावर मिळालेल्या बढत्याही. फी परत करण्याचा आदेश झाला खरा, पण रात्री जागून काढलेली वर्षे कोण परत करणार? आणि यातील बरीच माणसे नोकरीत असलेलीच होती.

म्हणून विद्यापीठाचे नाव मोठे आहे, एवढ्यावर विसंबू नये. मान्यता विद्यापीठाला असली तरी तोच अभ्यासक्रम, त्याच पद्धतीने, त्याच सत्रात शिकवण्याची परवानगी आहे का, हे पाहावयाचे असते. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येक सत्राची यादी असते; ती स्वतः उघडून पाहावी, एजंटाने दाखवलेल्या छायाप्रतीवर भरवसा ठेवू नये. अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण, कायदा यांच्या पदव्या या मार्गाने मिळत नाहीत. जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित काही विषयही बंद झाले. दूरशिक्षणात राज्य विद्यापीठाला वा खाजगी विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्र चालवता येत नाही, आणि केंद्राची एजन्सी दुसऱ्याला देण्यासही मनाई आहे. तेव्हा परराज्यातील एखाद्या विद्यापीठाची पाटी आपल्या बाजारपेठेत, झेरॉक्सच्या दुकानावर लागलेली दिसली तर पाकीट खिशातच ठेवावे. 2024 पासून प्रवेशासाठी विद्यार्थ्याने स्वतः आयोगाच्या संकेतस्थळावर ओळख क्रमांक काढावा लागतो. हे काम दुसऱ्यावर सोपवू नये.

आखाती देशांत नोकरीसाठी पदवी दाखवावयाची असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आयोगाने दिलेली बरोबरी आपल्या देशापुरती आहे. तिकडच्या सरकारचे व मालकाचे नियम निराळे असतात. ते आधी लेखी विचारून घ्यावेत, मगच फी भरावी.

राहिला वेळेचा हिशेब. इंदिरा गांधी विद्यापीठात एक श्रेयांक म्हणजे 30 तासांचा अभ्यास धरतात. वर्षाला 32 श्रेयांक घेतले तर 960 तास होतात, म्हणजे एकही दिवस न चुकवता रोज अडीच तासांहून अधिक. ईद, लग्नसराई, दुकानाचा हंगाम यांत महिना-दीड महिना सहज निघून जातो. मग उरलेल्या दिवसांवर तीन तास येतात. बहुतेक अभ्यासक्रमांना ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त वर्षे घेण्याची सवलत असते. ती किती आहे आणि दरवर्षी पुन्हा किती पैसे भरावे लागतात, हे माहितीपत्रकात पाहून घ्यावे. तीन वर्षांची पदवी पाच वर्षांत करावयाची, असे घरच्यांशी पहिल्याच दिवशी बोलून ठेवलेले बरे.