शिंक, ठसका आणि लपवलेली गळती

एसटीने लांब जायचं म्हटलं की सकाळपासून पाण्याचा घोटही न घेणाऱ्या कितीतरी बायका आपल्या घरांत आहेत. शिंक आली, ठसका लागला की लघवीचे थेंब गळतात आणि वयाचंच म्हणून ते झाकलं जातं. हे निमूट सोसणं मला फार खुपतं, कारण बहुतेकदा यावर इलाज असतो.

मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिलिलिटर लघवी मावते आणि ते निम्मंअधिक भरलं की मज्जातंतू मेंदूला वर्दी देतात. मधुमेह इथेच घाला घालतो. रक्तातली जादा साखर लघवीत उतरताना पाणी ओढून नेते, म्हणून लघवी वाढते. साखर वर्षानुवर्षं चढीच राहिली तर मज्जातंतू दुबळे होतात. मग मूत्राशय भरल्याचं कळत नाही, ते पुरतं रिकामं होत नाही आणि तुडुंब झालं की थेंबथेंब गळतं. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, ते वेगळंच. पक्षाघात, पार्किन्सन, वाढलेलं प्रोस्टेट, अगदी जुनाट बद्धकोष्ठसुद्धा लघवीच्या तक्रारी मागे लावतात.

शिंकेसरशी होणारी गळती मात्र बहुधा बाळंतपणानंतर सैलावलेल्या, ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंमुळे होते. अमेरिकी डॉक्टर आर्नल्ड केगेल यांनी 1948 साली त्यासाठी व्यायाम मांडला. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, तेच एरवी काही सेकंद आवळून सैल सोडायचे. रोज, निदान तीन महिने. पाणी तोडू नका, दाट लघवी मूत्राशयाला आणखी चिडवते. लघवीत रक्त दिसलं किंवा ताप आला तर लगेच डॉक्टरांना गाठा.