वसई ते नागासाकी

वसईच्या किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन देवळाला आज छप्पर नाही. (आम्ही वसईचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो.) आत शिरलं की पायाखाली पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा लागतात आणि पाऊल आपोआप जपून पडतं. श्रद्धेचा पहिला धडा तिथे पायच शिकतात.

संत गोन्सालो गार्सिया लहानपणापासून ओळखीचे, पण तसबिरीतले. किल्ल्यात उभं राहिलं की ते याच मातीतला मुलगा होतात. जन्म 1556-57च्या सुमारासचा, शिक्षण जेझुइटांकडे. कोवळ्या वयात जहाजाने जपानला गेले, तिथली भाषा शिकले, काही काळ व्यापार केला. मनिलात फ्रान्सिस्कन झाले, पण राहिले साधे ब्रदर. धर्मगुरू कधीच झाले नाहीत. 1593मध्ये फादर पेद्रो बाउतिस्ता यांचे दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने पकडलेल्या ख्रिस्ती लोकांचे कान कापले, भर थंडीत क्योतोहून नागासाकीपर्यंत नेलं आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर 26 जणांना क्रुसावर चढवलं. त्यांत गोन्सालो होते, आणि अवघ्या बारा वर्षांचा लुईस इबाराकीही. 1862मध्ये पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद दिलं. गोन्सालो भारतात जन्मलेले पहिले संत ठरले.

हे सारं धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ होतं. मग जागेवर कशाला जायचं? आपली श्रद्धाच मुळी देवाने देह धारण करण्यावर उभी आहे. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस यांतून आपण त्याला भेटतो. म्हणून मला दगडाचा स्पर्शही प्रार्थनेच्या जवळचा वाटतो.

निशिझाकावर 1962मध्ये उभारलेल्या स्मारकात ब्राँझच्या 26 आकृती एका रांगेत आहेत. त्याच शहरातलं ओउराचं देऊळ या हुतात्म्यांच्या नावाने बांधलं गेलं. ते खुलं झाल्यावर महिन्याभरातच, 17 मार्च 1865 रोजी, उराकामीचे काही गावकरी तिथे आले. त्यांनी फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांना हळूच सांगितलं, की आमचं मन तुमच्यासारखंच आहे. आणि विचारलं, मरियामातेची मूर्ती कुठे आहे? ते लपून राहिलेले ख्रिस्ती होते. बंदीमुळे दोनशेहून अधिक वर्षं त्यांच्यात धर्मगुरू नव्हता. बाप्तिस्मा गावकरीच देत, जपमाळेच्या प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आल्या.

हे आठवलं की वसईचे भग्न खांब वेगळे दिसतात. 1739मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज सत्ता गेली, मठ ओस पडले. तटाबाहेरच्या गावांत जपमाळ मात्र चालूच राहिली. ती माझ्यापर्यंत माझ्या आजीने आणली.

किल्ल्यात जाल तेव्हा फोटो नंतर काढा. सकाळी ऊन चढायच्या आत जा, थडग्यांपाशी थांबा, ज्यांची नावं आता वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी एक ‘नमो मरिये’ म्हणा. एखादी आजी लाल लुगड्याचा पदर सावरत काळ्या भिंतीला हात लावते आणि तोच हात कपाळाला नेऊन क्रुसाची खूण करते. तिच्या मागे उभे राहा.