खिडकीचा पडदा आणि घरातील बालक

उन्हाळी सुट्टी लागली की देवळाली कॅम्पमधील बंद बंगल्यांची कुलुपे उघडतात. मुंबई-नाशिकच्या व्यापारी कुटुंबांतील लेकी, सुना आणि नातवंडे हवापालटासाठी येथे एकत्र जमतात. झाडलोट होते, गाद्यांना ऊन दाखविले जाते. मात्र पडद्याच्या दोरीकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

पट्ट्यांच्या किंवा गुंडाळी पडद्यांना वर-खाली करण्यासाठी बाजूला दोरीचा अथवा मण्यांच्या साखळीचा वेढा लोंबत असतो. मोठ्यांची ही सोय दोन-तीन वर्षांच्या बालकासाठी तयार फास ठरू शकते. मूल खिडकीलगतच्या पलंगावर चढते, दोरी गळ्यात अडकते आणि पाय निसटतो. मग त्याच्याच वजनाने फास आवळतो. एका मिनिटाच्या आतही शुद्ध हरपू शकते आणि गळा आवळल्यामुळे हाक मारता येत नाही. शेजारच्या खोलीत माणसे असूनही कोणास कळत नाही, हेच यातील खरे भय.

अशा मृत्यूंमुळेच अमेरिकेत २०१८ च्या अखेरीपासून दुकानात तयार मिळणाऱ्या पडद्यांना मोकळी दोरी ठेवण्यास तेथील मानकाने प्रतिबंध केला. जून २०२४ पासून मापाप्रमाणे बनविलेल्या पडद्यांवरही कडक निर्बंध आले.

आपल्याकडे पडदा घेताना कापड, रंग आणि दर यांची कसून चौकशी होते. त्यात दोरीचा प्रश्नही आला पाहिजे. दांडीवर कड्यांनी सरकणारा साधा कापडी पडदा स्वस्त आणि सुरक्षित असतो. दांडी तेवढी भिंतीत पक्की हवी. गुंडाळी पडदाच हवा असल्यास बिनदोरीचा निवडावा. रोमन पडद्याच्या पाठीमागील दोऱ्याही तपासाव्यात. जुना पडदा तातडीने बदलणे शक्य नसेल, तर साखळी भिंतीला ताणून पक्की बसवावी. मोकळी दोरी जमिनीपासून किमान पाच फूट उंचीवरील खुंटीला गुंडाळावी. नुसती गाठ मारणे हा उपाय नव्हे. गाठीनेच नवा वेढा तयार होतो.

पाळणा, पलंग, खुर्ची खिडकीपासून दूर असावी. वरच्या मजल्यावर गज आवश्यकच, कारण पडदा किंवा डासांची जाळी मुलाचे वजन पेलत नाही.

कुलूप उघडल्यावर, सामान लावण्यापूर्वी, घरातील एकाने प्रत्येक खोलीत जमिनीवर बसून खिडकीकडे पाहावे. बालकाच्या हाताला काय लागेल, ते तेथूनच दिसते.