सोल्युशनचा वास, कोळशाची नळी

इस्तंबूलच्या चपला-बुटांच्या छोट्या कारखान्यांत 1960च्या आसपास चिकटवायचं सोल्युशन बदललं. स्वस्त पडतं म्हणून त्यात बेन्झीन आलं. 1967पासून डॉ. मुझफ्फर अक्सोय यांच्याकडे रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण म्हणून हेच कारागीर येऊ लागले. 1974 साली त्यांनी नोंद प्रसिद्ध केली: 28,500 कारागिरांत 26 रुग्ण. सोल्युशन लावताना त्या खोल्यांतल्या हवेत बेन्झीनचं प्रमाण दहा लाख भागांत 200च्याही वर जात होतं. माणसं आजारी पडल्यावर मोजणी, हा क्रम मला आजही अस्वस्थ करतो.

नाकावर भिस्त ठेवून चालत नाही. बेन्झीनचा वास येतो तोवर आजची मर्यादा बहुधा ओलांडलेली असते, आणि थोड्या वेळाने नाक सरावतं. खरा बदल घडवला तो बोटाएवढ्या काचेच्या नळीने. आत नारळाच्या करवंटीचा कोळसा, पुढे 100 मिलिग्रॅम, मागे 50. नळी कारागिराच्या कॉलरला लावायची आणि कमरेच्या पंपाने हळूहळू हवा ओढायची. मागच्या कोळशातही वाफ बरीच सापडली तर पुढचा भरून वाहिला म्हणायचं. तो नमुना बाद. कॉलरचा आग्रह अशासाठी, की कारागीर तळव्यावर वाकून काम करतो. खोलीच्या मधोमध घेतलेला आकडा त्याच्या श्वासाचा नसतो.

आकडे हाती आले तरी कायदा रखडला. अमेरिकेने 1978मध्ये बेन्झीनची मर्यादा दहा लाख भागांत 10वरून 1वर आणली, 1980मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि 1 भागाची मर्यादा पुन्हा यायला 1987 उजाडलं.

बेन्झीन हटवल्यावरही सुटका झाली नाही. जपानमध्ये 1960च्या दशकात सँडल चिकटवणाऱ्यांचे हातपाय बधिर होऊ लागले, काहींना चालणं जड झालं. कारण होतं सोल्युशनमधलं एन-हेक्सेन. कोळशाच्या नळीत तेही अडकतं, पण प्रयोगशाळेला काय शोधायचं ते आधी सांगावं लागतं. म्हणून डब्यात काय आहे हे डब्यावर लिहिलेलं असणं मोजणीइतकंच महत्त्वाचं.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987मध्ये, आपल्या कारखाने कायद्यालाही अशा मर्यादांचं परिशिष्ट जोडलं गेलं. पण मुंबईच्या ठक्करबाप्पा कॉलनीत चपला-बूट बनतात तसे चार-सहा माणसांचे गाळे सहसा त्या कायद्याच्या बाहेरच राहिले. पंप, नळ्या आणि तपासणीचा खर्च अशा गाळेवाल्याला झेपणारा नाही. तो सरकारने उचलावा, आणि कुणी आजारी पडायच्या आत.