नेतृत्वाचे शिक्षण आणि रायगडमधील सिनेगॉग

अमेरिकेतील ज्यू समाजाच्या शाळा, वृद्धाश्रम, समाजकेंद्रे आणि मदतनिधी चालवण्यासाठी धर्मगुरूंखेरीज प्रशिक्षित व्यवस्थापकांचा स्वतंत्र वर्ग लागतो, आणि तो घडवण्यासाठी हिब्रू युनियन कॉलेजने लॉस एंजेलिसमध्ये १९६८ साली व ब्रँडाइस विद्यापीठाने १९६९ साली पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केले. अभ्यासदौरा हा अशा शिक्षणाचा एक भाग असतो. त्यात विद्यार्थी आधी वाचन करतात, मग परक्या ठिकाणच्या ज्यू समाजात जाऊन तेथील संस्था कशा चालतात हे पाहतात व कार्यकर्त्यांना प्रश्न विचारतात. या दौऱ्यांचे सर्वांत परिचित ठिकाण इस्राएल असले, तरी ‘जॉइंट’ या अमेरिकी ज्यू मदतसंस्थेने तरुणांच्या सहली भारतातही आणल्या आहेत.

अशा अभ्यासासाठी रायगड जिल्ह्यातील कामोठ्याच्या आसपासचा मुलूख विशेष मोलाचा आहे. कामोठे ज्या पनवेल तालुक्यात येते, त्याच तालुक्याच्या गावी बेथ एल हे १८४९ सालचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आहे; तेथून पुढे पेण, अलिबाग, रेवदंडा असा बेने इस्राएल या कोकणातील ज्यू समाजाचा मूळ प्रदेश लागतो. नवगावजवळ जहाज फुटून वाचलेल्या जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी या समाजाची परंपरागत समजूत आहे. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही गावांवरून पडलेली आडनावे तर नकाशाच उलगडून दाखवतात.

या समाजाकडे शतकानुशतके प्रशिक्षित रब्बी, म्हणजे धर्मशास्त्रवेत्ते, नव्हते, आणि नेतृत्वाच्या अभ्यासकाला शिकण्यासारखे जे आहे ते नेमके येथेच आहे. दावीद रहाबी या प्रवासी शिक्षकाने झिराडकर, शापूरकर व राजपूरकर या घराण्यांतील माणसांना शिकवून काजी, म्हणजे धर्मविधी चालवणारे, नेमले, असे परंपरा सांगते. पुढे मुकादम व चौगुला समाजाचा कारभार पाहत, गबाय हिशेब ठेवी, हजान प्रार्थना चालवी आणि समाश सिनेगॉगची देखभाल करी. गावगाड्याची पदे आणि हिब्रू पदे एकाच कारभारात नांदली, हे कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकात सहज सापडणारे नाही. हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या पुढाकाराने १८७५ साली मुंबईत इस्रायली शाळा निघाली आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या रिबेका रूबेन यांनी १९२२ पासून जवळजवळ तीन दशके तिचे मुख्याध्यापकपद सांभाळले. अभ्यासासाठी प्रवास करून परतलेल्या नेत्याचे याहून चांगले उदाहरण शोधण्याची गरज नाही.

आजचा प्रश्न निराळा आहे. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली, भारतात चार-पाच हजार लोक उरले, आणि सार्वजनिक प्रार्थनेस लागणारे दहा प्रौढ पुरुष, म्हणजे मिन्यान, गावोगावी जमवणेच अवघड झाले. समाज मात्र घरातही जपला जातो. मालिदा या विधीत भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची आणि फळे यांचे ताट मांडून एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याचे स्मरण केले जाते. त्या ताटाभोवती आजी-नातवंडे बसतात, तेव्हा समाज टिकवण्याचे काम कोण करते, हे सभेच्या इतिवृत्तापेक्षा तेथे अधिक स्पष्ट दिसते.

मुंबईत काळा घोडा येथील १८८४ सालचे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग देखणे आहे खरे, पण ते बगदादी ज्यूंच्या ससून घराण्याच्या संपत्तीतून उभे राहिले. केवळ तेच पाहून परतणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पदरी वास्तुकला पडेल, समाजकारण नव्हे. दौऱ्यातला किमान एक शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रामदिन, रायगडमध्ये ठेवला पाहिजे, आणि तोही तेथील मोजक्या घरांच्या सोयीने.