अन्नदानाचा काळ : शहापूर-मुरबाडच्या दारिद्र्याचा धर्मदृष्ट्या विचार

दारिद्र्य कसें कमी करावें हा प्रश्न निघाला म्हणजे धर्मशील हिंदु गृहस्थाच्या तोंडून पहिला शब्द येतो तो ‘दान’ हा. शब्द चांगला आहे आणि त्याच्यामागें परंपराहि मोठी आहे. परंतु दान कोणाला, कशाचें आणि मुख्य म्हणजे कोणत्या महिन्यांत, हें विचारल्यावांचून तो उच्चारला गेला, तर देणाराला पुण्य लागत असेल, पण घेणाराचें दारिद्र्य होतें तेथेंच राहतें. आज जो विचार मी आपणांपुढें मांडणार आहें, तो ठाणें जिल्ह्यांतील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवून.

१ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा झाला. तेव्हांपासून ठाणें जिल्ह्याच्या वांट्याला जो डोंगराळ, आदिवासी मुलूख उरला, तो मुख्यतः याच दोन तालुक्यांचा. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशी येथील आदिवासी वस्ती. त्यांतले कातकरी तर महाराष्ट्रांतील ज्या तीन जमातींना सरकारनें अतिशय दुर्बळ म्हणून निराळें काढलें आहे, त्यांपैकीं एक. मुंबईकरांना हा मुलूख अपरिचित नाहीं. नाशिककडे जाणारा प्रवासी आसनगांव, आटगांव, खर्डी, कसारा हीं स्टेशनें खिडकींतून पाहतो. माळशेजचे धबधबे पाहावयास निघालेली मंडळी मुरबाडला चहा घेतात. पण याहून जवळचा संबंध आपल्या घरांतल्या नळाचा आहे. तानसा तलाव १८९२ सालीं पुरा झाला, भातसा धरण त्याच्या पुष्कळ नंतरचें. दोन्हीहि शहापूर तालुक्यांत. आज मुंबईच्या पाण्यापैकीं जवळ जवळ निम्में पाणी एकट्या भातसाचें असतें. त्याच तालुक्यांतील कित्येक पाडे वैशाखांत टँकरची वाट पाहत बसतात. हा उल्लेख मीं मुद्दाम केला, कारण पुढें ‘ऋण’ हा शब्द वारंवार येणार आहे, आणि ऋणको कोण व धनको कोण याविषयीं आपली समजूत आधींच थोडी डळमळीत झालेली बरी.

या भागांतील दारिद्र्य उपाशी माणसाचें आहेच. पण त्याहून अधिक तें ऋणको माणसाचें आहे. त्याची घडण अशी. भात हातीं येतें तें दिवाळीच्या सुमारास. ज्याचें शेत वीतभर, त्याची कणगी उन्हाळा संपतां संपतां रिकामी होते. मग आषाढ-श्रावणांत, लावणीचें काम सर्वांत जड असतें नेमकें तेव्हां, घरांत दाणा नसतो. पूर्वीं अशा वेळीं सावकाराकडून जें धान्य आणीत, त्याला ‘खावटी’ म्हणत. कापणी झाली कीं तें दिढीनें, पुष्कळदां दुपटीनें फेडावयाचें. फेड झाली कीं कणगी पुन्हां अर्धी, आणि पुढचा आषाढ आणखी लौकर दारांत उभा. म्हणजे मनुष्य आळशी होता म्हणून कर्जांत पडला असें नव्हे. पीक आणि भूक यांच्या तारखा जुळत नव्हत्या, एवढाच त्याचा अपराध. त्यांत लग्न आलें म्हणजे गळ्याला दोरी पक्की बसे. लग्नासाठीं रक्कम घ्यावी आणि नवराबायकोंनीं ती फिटेपर्यंत धनकोच्या घरीं राबावें, अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. ठाणें जिल्ह्याच्या आदिवासी भागांत ही चाल चांगली रुळलेली होती. सावकाराची वही सावकाराजवळ आणि गड्याला अक्षरओळख नाहीं. तेव्हां ‘फिटेपर्यंत’ या शब्दाचा अर्थ कोणी लावावयाचा हें सांगावयास नको.

१९७५ च्या वटहुकुमानें व १९७६ च्या कायद्यानें ही वेठबिगारी बेकायदेशीर ठरली. पण रोग वेष पालटून राहिला. आतां पावसाळ्याच्या शेवटीं वीटभट्टीवाल्याची ‘उचल’ येते. घरांत दाणा नाहीं, गणपति तोंडावर आलेले, कोणी आजारी. अशा वेळीं हातावर पैसे पडतात आणि नवराबायकोची जोडी भट्टीला बांधली जाते. दिवाळीनंतर बिऱ्हाड उठतें तें भिवंडी-कल्याणच्या बाजूला, पाऊस येईपर्यंत. मजुरी हजार विटांमागें ठरते, आठवड्याला खाण्यापुरती ‘खर्ची’ मिळते, हिशेब शेवटीं. त्या हिशेबांत उचल व खर्ची वजा जाऊन कांहीं हातीं आलें तर बरें, नाहींतर उरलेली बाकी पुढल्या हंगामावर. मुलें मात्र शाळेच्या पटावर गांवीं आणि प्रत्यक्षांत भट्टीवर.

आतां धर्माकडे वळूं. आधीं त्याच्यावरचा आरोप ऐकून घेतला पाहिजे, कारण तो खोटा नाहीं. आपल्या समाजानें दुसऱ्याच्या दारिद्र्याला ‘प्राक्तन’ हें नांव देऊन स्वतःची झोंप शाबूत ठेवली. वास्तविक कर्मसिद्धान्त हा प्रत्येकानें स्वतःला लावावयाचा आहे; माझ्या वांट्याला आलेलें दुःख मीं कसें सोसावें, याचें तें उत्तर आहे. शेजाऱ्याच्या दुःखाचा खुलासा करण्यासाठीं त्याचा उपयोग करणें म्हणजे औषधाची बाटली रोग्याच्या डोक्यांत घालणें होय. दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ऋण न फेडतां मेलेला मनुष्य धनकोच्या घरीं दास होऊन, घोडा होऊन, बैल होऊन जन्मास येतो, ही समजूत स्मृतींपासून खेड्यांतल्या ओट्यापर्यंत पसरलेली आहे. प्रामाणिकपणा टिकविण्यासाठीं ती निघाली असेल. पण तिचा उपयोग मुख्यतः वहीवाल्याला झाला. निरक्षर ऋणको न्यायाला भीत नव्हता इतका पुढल्या जन्माच्या बैलाला भीत होता.

त्याच शास्त्रांत दुसरी बाजूहि आहे, आणि ती आपण सोयीस्करपणें विसरलों. व्याज साठत साठत मुदलाएवढें झालें कीं तेथें थांबलें पाहिजे, एका वेळीं दुपटीहून अधिक वसूल करतां येणार नाहीं, हा ‘दामदुपटी’चा नियम मनुस्मृतींत आहे आणि इंग्रजी अमदानींत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीं तो हिंदु ऋणकोंना लावलाहि. पण गंमत पहा. मनूनें ही मर्यादा पैशाला घातली. धान्याच्या बाबतींत ती पांचपटीपर्यंत सैल सोडली. म्हणजे नाणें घेणाराला जें संरक्षण मिळालें, तें दाणा घेणाराला तितकें मिळालें नाहीं. आणि शहापूर-मुरबाडचा ऋणको तर दाणाच घेत होता. शास्त्र गरिबाच्या बाजूचें आहे असें सरसकट म्हणणाऱ्यांनीं आणि तें गरिबाच्या विरुद्ध आहे असें सरसकट म्हणणाऱ्यांनींहि हा एक श्लोक शांतपणें वाचावा.

ऋण या कल्पनेचा आणखी एक अर्थ आपल्याकडे आहे. मनुष्य जन्मतःच देव, ऋषि आणि पितर यांचा ऋणी असतो, हें आपणां सर्वांना मुंजीपासून ठाऊक आहे. शतपथ ब्राह्मणांत यांच्या जोडीला चौथें ऋण सांगितलें आहे, तें मनुष्यांचें. आणि तें आसरा व अन्न देऊन फिटतें. हें चौथें ऋण पाठांतरांतून कसें गळलें कोण जाणे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत, जो केवळ स्वतःपुरतें शिजवितो त्याच्या ताटांत पाप वाढलेलें असतें, असा अभिप्राय आहे. भागवतांत नारद युधिष्ठिराला सांगतात कीं पोटापुरत्यावरच माणसाचा हक्क असून त्याहून अधिक जो आपलें म्हणतो तो चोर समजावा. या दृष्टीनें पाहिलें तर देणारा उपकारकर्ता राहत नाहीं, कर्ज फेडणारा होतो. शंकराचार्यांनीं गीताभाष्यांत दानाचा अर्थ संविभाग, म्हणजे नीट वांटून देणें, असा केला. आणि पुष्कळ शतकांनंतर कोंकणांतल्याच गागोद्यास जन्मलेल्या विनोबांनीं तो शब्द हातांत घेऊन १८ एप्रिल १९५१ रोजीं तेलंगणांतल्या पोचमपल्लीस शंभर एकरांचें पहिलें भूदान मिळविलें. त्या चळवळींतली पुष्कळशी जमीन नापीक निघाली किंवा वांटली गेलीच नाहीं, हें खरें. पण शब्द उरला, आणि तो दया या शब्दाहून स्वच्छ आहे.

ऋणाविषयीं महाराष्ट्रांत सर्वांत मोठा धार्मिक आचार कोणता घडला असें मला कोणी विचारलें, तर मी देहूच्या डोहाकडे बोट दाखवीन. तुकोबांच्या घरीं सावकारी होती. दुष्काळानें घर मोडलें, आणि पुढें त्यांनीं लोकांकडील येण्याचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं, असें चरित्रकार सांगतात. या कथेंतला एक तपशील कीर्तनांत बहुधा घाईनें उरकला जातो. खतें सगळीं बुडविलीं नाहींत. आधीं धाकटा भाऊ कान्होबा याच्याशीं वांटणी केली. त्याचीं खतें त्याला दिलीं आणि आपल्या वांट्याचीं तेवढीं पाण्यांत सोडलीं. दुसऱ्याच्या मालावर पुण्य केलें नाहीं! आणि ऋणकोंच्या हातावर कांहीं ठेवलेंहि नाहीं. केवळ त्यांच्या मानेवरचा हात काढून घेतला. अन्नदानाच्या कथा आपल्याकडे शेंकडों आहेत, मुक्तीची ही एकच आहे. १९७६ च्या कायद्यानें बंधक मजुराचें कर्ज फेडण्याची जबाबदारीच नाहींशी केली, तेव्हां एका अर्थीं सरकारनेंहि तींच खतें इंद्रायणींत टाकलीं.

यावर कोणी म्हणेल कीं वेठ मोडली ती सावकारांनीं गीता वाचली म्हणून नव्हे. हें मला मान्य आहे. १९४५ च्या जानेवारींत याच जिल्ह्यांत टिटवाळ्यास किसान सभेचें अधिवेशन झालें. त्यानंतर गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकारानें वारली उभे राहिले आणि त्यांनीं वेठीस नकार दिला. तो नकारच निर्णायक होता. पण संघटनेनें दोरी तुटली तरी आषाढांत कणगी भरत नाहीं. ती भरली नाहीं तर नवी दोरी येते, हें वीटभट्ट्यांनीं दाखवून दिलें आहे. तेव्हां कायदा व संघटना यांचें काम संपल्यावर नव्हे, तर त्यांच्या शेजारींच धर्माला काम आहे.

तें काम कोणतें, याची पहिली कल्पना याच मुलखांत एका वकिलानें करून दाखविली. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनीं गरीब शेतकऱ्यांसाठीं धान्यकोठ्या काढल्या होत्या. पुढें बेचाळीसच्या लढ्यांत त्यांनीं आझाद दस्ता उभारला आणि २ जानेवारी १९४३ रोजीं मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह ते पोलिसांच्या गोळीस बळी पडले. त्यांचें हौतात्म्य सर्वांच्या स्मरणांत आहे. धान्यकोठी मात्र विस्मरणांत गेली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा भक्तिभावानें ऐकणाऱ्यांनीं ही कोठी धर्मकार्यांत कां धरूं नये, हें मला समजत नाहीं.

गीतेच्या सतराव्या अध्यायांत सात्त्विक दानाची कसोटी देश, काळ आणि पात्र अशी सांगितली आहे. आपण पात्राची चिकित्सा फार करतों, काळाची मुळींच करीत नाहीं. शहरांतून पाड्यांवर दिवाळीचा फराळ व जुने कपडे घेऊन मोटारी जातात. म्हणजे नवें भात घरांत आल्यावर आणि भट्टीची उचल खर्च होऊन गेल्यावर. खरा काळ आषाढाचा. आणि योगायोग असा कीं तोच आपल्या चातुर्मासाचा आरंभ; घरोघर नेम घेण्याचे, दानाचे दिवस. अधिक महिना आला म्हणजे आपण जांवयाला तेहतीस अनारसे मोजून देतों. त्या मोजण्याची हौस थोडी इकडे वळविली तर काय होईल, तें पाहूं.

पांच माणसांच्या कुटुंबाला माणशीं रोज अर्धा किलो धान्य धरलें तर महिन्याला ७५ किलो लागतें. अंत्योदय शिधापत्रिकेवर ३५ किलो मिळतें. उरले ४० किलो. आषाढ-श्रावण मिळून ८०. किलोला चाळीस रुपये धरले तर ३२०० रुपये. एका कुटुंबाचें सहा-सात महिन्यांचें स्थलांतर पुष्कळदां एवढ्याशा भोंकांतून सुरू होतें. आजारपण व लग्न हीं दुसरीं भोंकें आहेत. लग्नासाठीं कर्ज काढूं नका, म्हणून गाडगेबाबांनीं (१८७६–१९५६) जन्मभर कीर्तनांतून लोकांना दटावलें, आणि सामुदायिक विवाहांनीं तो खर्च बराच उतरतो. धान्याचें भोंक मात्र धान्यानेंच बुजवावें लागतें. सरकारनें १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळातर्फें खावटी कर्जाची योजना चालविली होती. तिची कल्पना बरोबर होती. पण सरकारी धान्याला फायलींतून यावें लागतें आणि भूक फाइलीची वाट पाहत नाहीं.

अन्नदानाला मी कमी लेखीत नाहीं. शहापूरला लागूनच तानसेच्या खोऱ्यांत गणेशपुरी आहे. तेथें १९६१ सालीं समाधिस्थ झालेल्या स्वामी नित्यानंदांनीं आदिवासी मुलांना जेवूं घालण्याची प्रथा पाडली. भुकेल्या मुलाच्या तोंडांत घांस जातो तेव्हां तत्त्वज्ञान थांबतें. परंतु मोठ्या माणसाला रोज पंक्तीला बसविणें आणि त्याच्या चुलीवर त्याचें स्वतःचें भात शिजणें, यांत अंतर आहे. तैत्तिरीय उपनिषदांत विद्या संपवून घरीं निघालेल्या शिष्याला सांगितलें आहे कीं देतांना मनांत श्रद्धा असावी, संकोच असावा, कांहीं भयहि असावें. घेणाराला लाजविणारें दान या व्याख्येंत बसत नाहीं. म्हणून कोठींतलें धान्य दान म्हणून देऊं नये, उसनें म्हणून द्यावें, आणि जेवढें नेलें तेवढेंच परत यावें. दिढी नाहीं, सवाईहि नाहीं. उंदीर व कीड यांनीं जी तूट येईल ती दात्यानें दर वर्षीं भरावी. तेवढेंच त्याचें दान.

धान्य ज्येष्ठ उजाडण्यापूर्वीं पाड्यावर पोंचलें पाहिजे, कारण एकदां पाऊस लागला कीं पुष्कळ वाड्यांपर्यंत गाडी जात नाहीं. मापाची पायली सर्वांसमोर एकच ठेवावी. नोंद पाटीवर, सर्वांना दिसेल अशी; कारण झांकलेल्या वहीचा अनुभव या लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे. किल्ली पाड्यांतल्याच दोघींतिघींकडे असावी, आणि ज्या वर्षीं पीक बुडेल त्या वर्षीं परतफेड पुढें ढकलावयाची कीं सोडून द्यावयाची, हेंहि त्यांनींच ठरवावें.