आवाज डिफरन्शिअलचाच आहे का?

वळणावर गाडीच्या बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देण्याचे काम डिफरन्शिअल करतो. साध्या डिफरन्शिअलची उणीव चिखलात दिसते. एक चाक घसरून जागीच फिरू लागले, की दुसऱ्यालाही तेवढाच तोकडा जोर मिळतो. चिखली-मेहकर भागातल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात गाडी रुतते ती यामुळेच. ट्रॅक्टरमध्ये त्यासाठी पायाने दाबायचे लॉक असते. मोटारींत हे काम आपोआप करणारे दोन प्रकार आढळतात. लिमिटेड स्लिप प्रकारात क्लच प्लेटा दोन्ही चाकांच्या गतीतला फरक आवरतात. महिंद्रा थारच्या काही मॉडेलांत मात्र ईटन कंपनीचा यांत्रिक लॉक असतो. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे 100 फेऱ्यांचा फरक पडला, की तो लागतो. वेग ताशी 30 किलोमीटरच्या वर गेल्यावर तो लागत नाही. चिखलात हा लॉक लागताना येणारा ‘खट्ट’ आवाज बिघाडाचा नव्हे.

बिघाडाचा आवाज ओळखताना तो कुठून येतो यापेक्षा कधी येतो हे आधी पाहावे. गाडी उभी असताना नुसते इंजिन रेझ केल्यावरही आवाज येत असेल, तर डिफरन्शिअलवर संशय घेण्याचे कारण नाही. डांबरी रस्ता संपून सिमेंटचा लागताच आवाज बदलला, तर तो बहुधा टायरचा असतो.

राजूर घाटासारखा रस्ता या तपासणीला सोयीचा. चढावर ॲक्सिलरेटर दाबलेला असताना किंवा उतारावर तो सोडल्यावर बारीक शिट्टीसारखा सूर निघाला, तर क्राऊन-पिनियन या डिफरन्शिअलमधल्या मुख्य गिअरजोडीचे दाते नीट बसलेले नाहीत किंवा झिजले आहेत. मलकापूर-नांदुरा-खामगाव या सपाट महामार्गावर वेगाबरोबर वाढणारी सलग घरघर बेअरिंगकडे बोट दाखवते. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवीकडे वळवल्यावर घरघर कमी-जास्त झाली, तर आधी चाकाचे बेअरिंग तपासावे. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये घेताना बसणारा ‘खडक्’ असा धक्का प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसचा किंवा दात्यांमधल्या वाढलेल्या फटीचा असू शकतो.

सावकाश घेतलेल्या आखूड वळणावर मागून थरथरत येणारी ‘कुरकुर’ ही क्लच प्लेटांच्या लिमिटेड स्लिपची खास खूण. प्लेटा एकमेकींवर सरकण्याऐवजी अडखळतात, तेव्हा ती ऐकू येते. याचे नेहमीचे कारण चुकीचे किंवा जुने ऑईल. क्राऊन-पिनियनसाठी साधारणपणे जीएल-5 दर्जाचे गिअर ऑईल लागते. प्लेटांच्या प्रकारात बहुधा त्यात घर्षण नेमके राखणारे रसायनही मिसळलेले असावे लागते. कोणते ऑईल घालायचे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ऑईल बदलून मोकळ्या मैदानात इंग्रजी आठच्या आकारात सावकाश काही फेऱ्या मारल्यावर कुरकुर बहुतेकदा थांबते. तरीही ती राहिली, तर प्लेटा झिजल्या आहेत असे समजावे.

काढलेले ऑईलही बरेच सांगते. ड्रेन प्लगच्या चुंबकाला चिकटलेला करडा, मऊ लेप ही नेहमीची झीज असते. चकाकणारे तुकडे निघाले, तर दाते किंवा बेअरिंग तुटत आहे. ऑईल दुधाळ दिसले, तर नाल्यातून गाडी काढताना आत पाणी शिरले आहे. मागच्या दोन टायरांचा आकार आणि हवा सारखी आहे ना, हेही पाहावे. लहान-मोठ्या टायरांमुळे सरळ रस्त्यावरही प्लेटा सतत घासत राहतात.

शेवटची चाचणी जॅकवर होते. इंजिन बंद आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, पुढच्या चाकांना ओट लावून दोन्ही मागची चाके उचलावीत. एक चाक हाताने फिरवल्यावर दुसरे उलट फिरले, तर डिफरन्शिअल साधा आहे किंवा प्लेटांचा जोर गेला आहे. दोन्ही एकाच दिशेने फिरली, तर प्लेटा काम करत आहेत. ईटनचा लॉक मात्र हळू फिरवल्यास साध्यासारखाच वागतो. तो खराब समजू नये.

लिमिटेड स्लिप किंवा लॉक असलेल्या गाडीचे एकच मागचे चाक उचलून इंजिन गिअरमध्ये कधीही चालवू नये. जमिनीवरचे चाक जोर पकडते आणि गाडी जॅकवरून उडी घेते. डिफरन्शिअल उघडून पुन्हा अचूक बसवणे खर्चाचे काम आहे. म्हणून टायर, क्रॉस, बेअरिंग आणि ऑईल तपासून झाल्यावरच त्याला हात लावावा.